मोझॅकसाठी दगड विकतच आणायला हवेत असं नाही

मोझॅकसाठी, म्हणजे दगडाचे तुकडे जोडून केलेल्या नक्षीसाठी, रंगीत दगड गुजरातमधल्या खंभातहूनच मागवावे लागतात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. सोलापूरच्या काळ्या बेसॉल्टमध्ये लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि त्यांतच गारगोटी, अकीक (रंगीत पट्ट्यांचा दगड), स्टिल्बाइट (मोत्यासारख्या चमकीचं खनिज) तयार झाले. विहीर खोदताना निघालेल्या ढिगाऱ्यात मला मूठभर सहज मिळतात (मालकाला विचारून घ्यावेत).

फक्त एक जपा. अकीकाची कठीणता (१ ते १० च्या मोहस् मापनावर) ७ च्या आसपास, स्टिल्बाइटची जेमतेम ४. तुळशी वृंदावनावर मी दोन्ही शेजारी बसवले, सांध्यांत वाळू-सिमेंट भरून फडक्याने पुसलं, तर वाळूने स्टिल्बाइटची मोत्यासारखी चमक पार ओरखडून गेली. फार वाईट वाटलं. आता तो खडा सांधे वाळल्यावर, शेवटी बसवते.