‘फुफ्फुसात पाणी’ की ‘फुफ्फुसाभोवती पाणी’?

प्रश्न : ‘फुफ्फुसात पाणी झाले’ असे आपण सर्रास म्हणतो, एका नातेवाइकाच्या रिपोर्टवर मात्र ‘प्लुरल इफ्यूजन’ असे लिहिले होते. याला नेमका मराठी शब्द कोणता?

उत्तर : फुफ्फुसाच्या वायुकोशांत द्रव उतरतो ती ‘पल्मनरी इडिमा’, फुफ्फुसावरील दुपदरी आवरणाच्या पदरांमध्ये द्रव साचतो ते ‘प्लुरल इफ्यूजन’. सुई घालून काढता येते ते दुसरेच, त्यामुळे ‘फुफ्फुसातले पाणी काढले’ असे कोणी म्हणाले, तर ते पाणी बहुधा फुफ्फुसाबाहेरचे असते. त्यापेक्षा ‘छातीत पाणी झाले’ हा घरगुती प्रयोग अधिक अचूक आहे. आयुर्वेदविषयक लेखनातला ‘उरस्तोय’ जलोदराशेजारी शोभतो, पण बोलण्यात रुळलेला नाही.

मला खटकतो तो ‘पाणी’ हाच शब्द, कारण निदानाची भिस्त ते कोणत्या जातीचे आहे यावर असते. हृदय दुबळे झाले, सिरोसिस झाला (यकृत निबर झाले) किंवा मूत्रपिंडांतून प्रथिने वाहून गेली, की आवरण निरोगी असूनही द्रव पाझरतो. क्षय, न्यूमोनिया किंवा कर्करोगात आवरणच बिघडते आणि प्रथिनांनी दाट झालेला द्रव साचतो. फुफ्फुसतज्ज्ञ रिचर्ड लाइट यांच्या १९७२ च्या निकषांनुसार द्रवातील प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या ०.५ पटीहून अधिक, एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारे एक विकर) रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून अधिक, किंवा तेच एलडीएच रक्तासाठीच्या कमाल सामान्य मर्यादेच्या दोन तृतीयांशांहून अधिक, यांपैकी एक जरी आढळले, तरी तो दुसऱ्या जातीचा ठरतो. पहिल्याला ‘पाझर’ आणि दुसऱ्याला ‘दाहस्राव’ म्हणावे, असे मी सुचवतो.

आक्षेप : ‘पाझर’ उत्तम, ‘दाहस्राव’ मात्र पटत नाही. कर्करोगात लसिकावाहिन्या (द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका) तुंबूनही द्रव साचतो, तेथे दाह मुख्य नसतो. शिवाय लघवी वाढवणारी औषधे चालू असली, की हृदयविकारातला पाझरही या निकषांवर दुसऱ्या गटात जाऊ शकतो. अशा वेळी रक्तातील आणि द्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा फरक पाहतात आणि तो १.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक असल्यास पाझरच मानतात. शब्दातच कारण कोंबले, तर निदान आधीच ठरल्यासारखे होते.

उत्तर : मान्य, ‘दाहस्राव’ मागे घेतो, ‘निःस्राव’ चालेल. क्षयाची शंका असताना लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त आणि एडीए (क्षयात वाढणारे एक विकर) ४० युनिटांवर, असा रिपोर्ट आला, तरी तेथे शब्द ‘निःस्राव’च राहील आणि कारण वेगळे लिहावे लागेल. मात्र सुईतून पू आला, तर त्याला ‘पाणी’ म्हणू नये, ‘छातीत पू झाला’ असेच म्हणावे. कारण तेथे केवळ औषधांवर भागत नाही, बहुधा नळी घालून तो बाहेर काढावा लागतो.