चटक्यांच्या पुढची कडवी

कुणीतरी लिहिलंय की बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'मध्ये प्रेम नाहीच, नुसता सोसण्याचा गौरव आहे. तवा आणि चटक्यांच्या पहिल्या कडव्यावरच थांबलं तर तसं वाटेल खरं. शाळेत आपलं पाठांतरही जेमतेम तिथवरच टिकतं!

पुढे भिलाव्याचं कडवं बघा, संसाराला भिलावा म्हणू नको असं सांगणारं. भिलावा म्हणजे बिब्बा. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, धोबी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे ते त्यानेच. पण त्याचंच पिकलेलं नारिंगी फूल गोड लागतं आणि आतली गोडंबी आपण थंडीत डिंकाच्या लाडवांत घालतो. हे ज्याने बिबे फोडलेत त्यालाच सुचणार. खिऱ्याच्या, म्हणजे काकडीच्या कडव्याचंही तसंच, कडू असतं ते तोंडाशी. आमची आजी टोक कापून तिथेच घासायची, फेस आला की बाकीची काकडी आमच्या ताटात.

मला सगळ्यात आवडतं ते 'नगद उधार'. सुखदुःखाचा व्यापार, कधी रोख, कधी उधारीवर. आज तू सांभाळून घे, माझं पुढच्या बाजाराला. नवरा-बायकोचं इतकं नेमकं वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. 'नवरा' हा शब्द कवितेत कुठेच नाही, पण 'दोन जीव' आहेत, आणि गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको म्हणताना घातलेली 'येड्या' ही हाक आहे. आता हे येड्या कुणाला, मनाला की घरधन्याला? मला तरी त्यात लाडच ऐकू येतो.