लांबच्या विमानप्रवासातलं जेवण : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

उन्हाळा लागला की आपल्याकडचे कितीतरी आईवडील लेकीकडे, लेकाकडे अमेरिकेला निघतात. नागपूरहून दिल्ली, मुंबई नाहीतर दोहा, आणि तिथून पुढे 14-16 तासांचं विमान. पथ्य, उपास, लहान मुलं, ज्याचा जसा अनुभव असेल तसा लिहा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार आधार होतो.

प्रतापनगर :
आईबाबांचं तिकीट निघालं की मी लगेच 'एशियन व्हेजिटेरियन' नोंदवते, कोड एव्हीएमएल. नुसतं व्हेज म्हटलं तर पास्ता आणि उकडलेल्या भाज्याही येतात; यात बहुतेक वेळा भात, डाळ, पनीर असं ओळखीचं मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. किमान 24 तास आधी नोंद लागते, काही ठिकाणी 48. मध्ये विमान कंपनी बदलत असेल तर दोन्हीकडे फोन करून खात्री करा. हा ट्रे इतरांच्या आधी येतो. बाबा तो चुकून आला समजून परत करत होते, म्हणून आता आधीच सांगून ठेवते.

धरमपेठ :
मी काही वर्षं केबिन क्रूमध्ये होते. जेवण जमिनीवरच शिजतं, झटपट थंड करतात आणि वर ओव्हनमध्ये फक्त गरम होतं. केबिनमधली हवा 6 ते 8 हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी कोरडी. नाक सुकतं, वास कमी येतो, मीठ-साखर फिकी लागते. म्हणून 'बेचव आहे' म्हणून ट्रे बाजूला सारू नका, चार घास खा. पाणी मागायला अजिबात संकोच करू नका.

महाल :
आमचे हे इन्सुलिन घेतात, त्यामुळे माझा जीव घड्याळात अडकलेला. पहिलं जेवण उड्डाणानंतर तासा-दीडतासात, दुसरं उतरायच्या थोडं आधी, मधले कितीतरी तास अंधार. डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवणाच्या वेळचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्यायचं. एकदा ट्रे येणार इतक्यात हवेचे हेलकावे सुरू झाले, वाटप थांबलं. माझ्या पर्समध्ये दशम्या आणि फुटाणे होते, म्हणून निभावलं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

खामला :
संत्री घेतलीत तर विमानातच संपवा. ताजं फळ अमेरिकेत नेता येत नाही, ट्रेवरचं सफरचंदसुद्धा. ओला ठेचा हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या नियमात अडकतो. तिखटाच्या पुऱ्या मात्र मस्त टिकतात.

सक्करदरा :
सासूबाईंच्या एकादशीला फळांचा ट्रे नोंदवला, एफपीएमएल. छान मिळाला. शिवाय राजगिऱ्याचे लाडू होतेच.

मानेवाडा :
आई एकटीच जाणार आहे, इंग्रजी येत नाही. ट्रेमध्ये अंडं आहे का, हे ती कसं विचारेल?

धरमपेठ :
ताई, 'नो मीट, नो फिश, नो एग' असं मोठ्या इंग्रजी अक्षरांत कार्डावर लिहून द्या, खाली सीट नंबर. बसल्याबसल्या ते क्रूला दाखवायला सांगा. वाटप सुरू व्हायच्या आधी कळलं तर आम्हाला दुसरं काही शोधायला वेळ मिळतो.