तीन विषय, एकच नाला: सिव्हिलच्या मुलांना हे जोडून कसं शिकवायचं?

परळची_हायड्रॉलॉजी
मुंबईतल्या एका कॉलेजात सिव्हिलला हायड्रॉलॉजी (पाऊस-पाण्याचा हिशेब) शिकवते, हे अकरावं वर्ष. परवा व्हायवाला एका मुलीला विचारलं: दहा हेक्टर वस्ती, तासाला ५० मिमी पाऊस, रनऑफ कोइफिशंट (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) ०.९, तर नाल्यात पाणी किती येईल? तिने लगेच सेकंदाला १.२५ घनमीटर काढून दाखवलं. अगदी बरोबर. मग विचारलं, हे ५० कुठून आलं? गप्प. म्हटलं, एवढा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो यावरून ते ठरतं, प्रॉबॅबिलिटी शिकलीस ना गणितात? 'मॅडम, तो पेपर पास होऊन संपला माझा.' मुलगी हुशार आहे, म्हणूनच फार लागलं.

पावसात हमखास तुंबणारं हिंदमाता आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेल्या, त्याही ओहोटी असेल तर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या) अहवालानंतर ५० मिमी धरायचं ठरलं. म्हणजे तिने काढलेल्या पाण्याच्या फार तर निम्मंच जुन्या वाहिनीत मावतं. उरलेलं रस्त्यावर, हे ती दर पावसाळ्यात बघते. पण गणित, हायड्रॉलॉजी आणि कम्युनिकेशन स्किल्स या तिच्यासाठी तीन वेगळ्या वह्या आहेत. सिलॅबसला हात न लावता हे कोणी जोडलंय का? टर्मवर्कचे गुण कसे दिलेत?

एम_फोरवाला
मॅडम, मी गणित शिकवतो आणि आजवर मला कुठल्याच ब्रँचने गणितासाठी आकडे दिलेले नाहीत. बल्ब आणि फाशांवरच भागवतो. दरवर्षीच्या सर्वांत जास्त पावसाच्या दिवसाचे आकडे द्या, गणितं मी बदलतो. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी धरून एकदा आणि वगळून एकदा पुनरावृत्तीकाळ (तेवढा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो ते) काढायला लावा. एका आकड्याने उत्तर किती हलतं ते मुलं स्वतः बघतील.

साइटवरचा
मी पर्जन्यवाहिन्यांच्या कामावर असतो. पहिल्या वर्षी चाळीतल्या लोकांनी घेरलं होतं: समुद्र एवढा जवळ, मग पाणी सोडत का नाही? भरतीला समुद्राची पातळी वर येते, नाल्याच्या तोंडाचं दार बंद ठेवावं लागतं, नाहीतर समुद्रच आत येईल, म्हणून पंप. एवढं मला मराठीत सांगता येईना. सगळं गणित येत होतं. कम्युनिकेशनला पीपीटीऐवजी रहिवाशांसाठी एक पानाची मराठी सूचना लिहायला लावा आणि ती चाळीच्या सेक्रेटरींना वाचायला द्या.

निवृत्त_मेकॅनिकल
आम्ही केलं होतं, दोन वर्षांत बंद पडलं. तीन शिक्षकांनी एकाच आठवड्यात तीन सबमिशन मागितली, मुलं रडकुंडीला आली. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात १९७४ पासून प्रकल्पातूनच शिकवतात, पण तिथे सत्राचा साधारण अर्धा वेळ त्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. आपण आहे त्यावर प्रकल्प चढवतो. आधीच्या कामातून काय कमी करणार ते आधी ठरवा. आणि गुणतक्ता एकच ठेवा, तिघांच्या सह्यांचा.

परळची_हायड्रॉलॉजी
सर, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या असाइनमेंट तीन आणि पाच काढते. कम्युनिकेशनच्या मॅडम एक प्रेझेंटेशन सोडायला तयार आहेत, आजच बोलले. सर्व्हे लॅबचा ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) घेऊन शनिवारी सकाळी सहाला, ट्रॅफिकच्या आधी, हिंदमाता ते परळ लेव्हल घेऊ. रस्ता नक्की किती खाली आहे ते मुलांच्या हाताने निघू दे.

एक अडलंय. २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्या दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास होता. हिंदमाता या दोन्हींच्या मधे. आकडे कुठले धरू?

एम_फोरवाला
दोन्ही आणा. वर्गाचे दोन गट करू आणि एकाच नाल्याची दोन उत्तरं फळ्यावर शेजारी लिहू. त्या तासाला मीही येतो.