मदत हवी आहे: दादाचे पॉलिप साधे की घराण्यातले?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. दादाची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) बेळगावात झाली, 3 पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूच्या गाठी) काढले. बायोप्सीत 2 ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा, 1 ट्यूब्युलोव्हिलस (दोन्ही कॅन्सर नसलेल्या, पण पुढे होऊ शकणाऱ्या गाठींचे प्रकार), 'लो ग्रेड डिस्प्लेसिया' म्हणजे पेशींत सौम्य बदल. कॅन्सर नाही म्हटल्यावर घरचे निवांत, मी नाही. बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले आणि निपाणीच्या आत्याला पंचेचाळिशीच्या आतच गर्भाशयाचा झाला होता. एफएपी या आनुवंशिक आजारात पॉलिप शेकड्यांनी असतात, तसं इथं नाही. पण लिंच सिंड्रोममध्ये (कॅन्सरचा धोका वाढवणारा दुसरा आनुवंशिक आजार) ते मोजकेच असतात, आणि गर्भाशयाचा कॅन्सरही त्यातच येतो ना?

जनुकांची तपासणी आधी कुणाची करायची, दादाची की आत्याची? आत्याच्या ऑपरेशनचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मिळाला तर त्यावर एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) तपासणी होईल का? समुपदेशन बेळगाव-हुबळीकडे कुठं मिळतं, की थेट मुंबईला टाटात जावं? आत्या प्रवासाला तयार होणं कठीण आहे, म्हणून विचारतोय.