मदत हवी आहे : संग्रहालयातले देवाचे टाक जत्रेपुरते मागता येतात का?

आटपाडी तालुक्यातल्या आमच्या धनगरवाड्यावरचे बिरोबाचे दोन टाक चाळीसेक वर्षांपूर्वी एका सरकारी संग्रहालयात गेले. माहिती अधिकारात नोंदवही मागितली, तर नोंद क्रमांक आणि ‘भेट’ एवढाच शेरा मिळाला. देणाऱ्याचं नावच नाही! जुना फोटो आणि ग्रामसभेचा ठराव तयार आहे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने मूळ जमातींना पवित्र वस्तू परत मागता येतात. आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला वाघनखं आली, तीही ३ वर्षांच्या कराराने.

कोर्टकचेरी झेपणार नाही, मालकीचा वादही नको. पण देव कपाटात आणि जत्रा देवाविना, हे बघवत नाही. असा तात्पुरता करार गावाशी होऊ शकतो का? अर्ज थेट संग्रहालयाकडे करायचा की पुरातत्त्व संचालनालयाकडे, आणि विमा कोणी भरायचा?