मदत हवी आहे: शिक्षा होऊनही फायदाच होत असेल तर नियम लिहायचा कसा?

घाटवळण:
शनिवारच्या आत उत्तर हवंय. फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये ज्याने नियम मोडला त्याला १० सेकंदांची शिक्षा आणि टीममधल्या त्याच्या जोडीदाराला आयता पॉइंट. ही शिक्षा आहे की टोलची पावती? पैसे भरा आणि जा पुढे? पुन्हा कोणाची हिंमत होऊ नये अशी शिक्षा कशी लिहायची, तेवढं सांगा. 'खेळ आहे, सोडून द्या' म्हणणाऱ्यांनी कृपया लिहू नये.

कॉप्सकॉर्नर:
कुठली रेस? २०२१ची सिल्व्हरस्टोन म्हणत असाल तर माझं डोकं आजही तापतं. पहिल्याच लॅपला कॉप्स वळणावर धक्का, व्हर्स्टॅपन ५१ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट जोराने) टायरच्या भिंतीवर आदळून हॉस्पिटलात, आणि हॅमिल्टनला फक्त १० सेकंद. ते पिटमध्ये, टायर बदलायला थांबतात तिथे, भोगले आणि शेवटी लेक्लेरला गाठून रेसही जिंकला! ज्याची गाडी वेगवान त्याला १० सेकंद म्हणजे काहीच नाही.

निशिगंधा_प:
स्ट्युअर्ड, म्हणजे रेसचे पंच, चूक तोलतात, परिणाम नाही. समोरचा भिंतीवर गेला की नुसता गवतात उतरला यावर शिक्षा ठरवली, तर एकाच चुकीला दोन न्याय होतील. शिवाय १० सेकंद कायम हलके असतात असंही नाही. २०२५च्या बार्सिलोनाला व्हर्स्टॅपनने रसेलला धडक दिली आणि त्याच १० सेकंदांनी तो पाचव्यावरून दहाव्यावर गेला. ९ गुण बुडाले. मोसमाचं विजेतेपद नॉरिसकडे गेलं ते २ गुणांनी.

कॉप्सकॉर्नर:
मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. मागे गाड्यांची रांग असेल तर पाच जागा जातात, मागे मोकळं असेल तर एकही नाही. शिक्षा किती बसणार हे गुन्ह्यावर नाही, मागच्या गर्दीवर ठरतं.

दुचाकीवाला:
मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलच्या रेस, बघा सगळे. तिथे लाँग लॅप असतो. वळणाबाहेर आखून दिलेल्या पट्ट्यातून जायचं, वेळ आणि जागा तिथल्या तिथे जाते. एफ वनने हे कधीच उचलायला हवं होतं.

जुना_शूमी:
शिक्षा पूर्वी होत्या. १९९४ला सिल्व्हरस्टोनवर शूमाकरने काळा झेंडा, म्हणजे 'रेस सोडून आत या' हा इशारा, मानला नाही, तर निकालातून बाद आणि वर दोन रेसची बंदी. १९९७ला हेरेझमध्ये व्हिलनव्हच्या अंगावर गाडी घातली, तर अख्ख्या मोसमाच्या क्रमवारीतून नाव काढलं. मी त्याचा चाहता, तरी म्हणतो, बरोबर केलं.

निशिगंधा_प:
पण त्या वर्षीचे त्याचे विजय तसेच राहिले, आणि नाव काढलं तेव्हा मोसम संपलेला होता. त्या शिक्षेने प्रत्यक्षात गेलं काय?

जुना_शूमी:
उपविजेतेपद गेलं. नाव गेलं. ते कमी वाटतं का?

घाटवळण:
अहो, मी सिल्व्हरस्टोनचं विचारतच नाहीये! जोडीदाराला पॉइंट म्हटलं की जेद्दा, मार्च २०२४, हास टीमची रेस, आणखी कुठली? हासच्या मॅग्नुसनने अल्बॉनला धक्का दिला, १० सेकंद. मग ट्रॅकच्या बाहेरून त्सुनोदाला ओलांडलं, आणखी १०. जागा काही परत दिली नाही. आता २० सेकंद डोक्यावर, स्वतःला काही मिळणार नाही हे पक्कं. म्हणून पहिल्या भागातल्या अरुंद वळणांवर मुद्दाम हळू चालवून मागची सगळी रांग अडवून धरली. तेवढ्यात त्याचा जोडीदार हुल्केनबर्गने पुढे अंतर वाढवलं, पिटमध्ये जाऊन टायर बदलून त्या रांगेच्या पुढेच बाहेर आला आणि दहावा आला. तो पॉइंट टीमकडेच राहिला. त्याच मोसमात मायामीच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या रेसमध्ये, हॅमिल्टनला अडवून पुन्हा तेच. आमच्या कार्टिंग (छोट्या रेसगाड्यांच्या) लीगमध्ये गेल्या वेळी एकाने अगदी असंच केलं, आणि आता नियमावली मला लिहायची आहे.

निशिगंधा_प:
हे आधी हवं होतं. कार्ट स्वतःच्या की भाड्याच्या? रेसमध्ये पिटस्टॉप आहे? झेंडे दाखवणारे मार्शल किती? जोडीचे गुण एकत्र धरता का?

घाटवळण:
भाड्याच्या. पिटस्टॉप कशाला असेल? मार्शल एक. जोडीचे गुण एकत्रच, नाहीतर कोण कशाला कोणासाठी अडवेल!

कॉप्सकॉर्नर:
सोपं आहे. एकाने नियम मोडला की दोघांचेही त्या रेसचे गुण शून्य.

जुना_शूमी:
साफ चूक. हुल्केनबर्गने कुठला नियम मोडला होता? पुढे मोकळा ट्रॅक मिळाला, त्याने चांगली चालवली. त्याला का मारता?

दुचाकीवाला:
पेनल्टी पॉइंट ठेवा, प्रत्येक चुकीला ड्रायव्हरच्या नावावर जमा होणारे. १२ झाले की एक रेस बंदी. ही पद्धत २०१४ला आली आणि पहिला सापडला तो मॅग्नुसनच.

निशिगंधा_प:
सापडला, पण कधी? २०२४च्या सप्टेंबरमध्ये, मोन्झाला गॅस्लीशी झालेल्या साध्या धक्क्यावर. बाकूची रेस हुकली. जेद्दाला ज्यांचा गुण गेला त्यांना त्यातून काय मिळालं?

घाटवळण, हळू चालवून अडवणं हा गुन्हा नाही, बचाव करायचा हक्क सगळ्यांना आहे. गुन्हा आहे तो चोरलेल्या जागेवर बसून अडवणं. म्हणून सेकंदांच्या मागे लागू नका, जागा काढून घ्या. मार्शलने नंबराची पाटी दाखवली की दोन लॅपच्या आत जागा परत. नाही दिली तर काळा झेंडा, कार्ट आत. जागा गेली की अडवायला तो पुढे उरतच नाही, आणि जोडीदाराच्या गुणांना हातही लावावा लागत नाही.

कॉप्सकॉर्नर:
आणि शेवटच्या लॅपला केलं तर? पाटी कधी दाखवणार?

निशिगंधा_प:
एफ वनमध्ये शेवटच्या तीन लॅपमध्ये ड्राइव्ह-थ्रू (पिटमधून हळू जाऊन यायची शिक्षा) दिली तर ती प्रत्यक्ष न भोगता वेळेत २० सेकंद मिळवतात. तुमच्याकडे सेकंद नकोत. ज्याची जागा घेतली, निकालात त्याच्या एक नंबर खाली टाका.

घाटवळण:
हे चालेल, लिहून टाकतो. पण धक्का देऊन समोरच्याची कार्ट बंदच पाडली, तर जागा परत कोणाला द्यायची?

जुना_शूमी:
तिथे थेट काळा झेंडा. आणि पुढच्या रेसला सगळ्यात मागून सुरुवात.

दुचाकीवाला:
लाँग लॅपसाठी ट्रॅकवर जागा आहे का तेही बघून ठेवा. रस्त्यावर ठेवतात तसले चार शंकू लागतात फक्त.